रस्त्यावरील अपघात आणि नगरपालिकेचे उत्तरदायित्व

रात्री राजवाड्याकडून घरी परतणारा एखादा वृद्ध गृहस्थ उघड्या खड्ड्यात पडून जायबंदी झाला, तर लोक हळहळतात आणि नशिबाला बोल लावून मोकळे होतात. कायदा मात्र निराळे प्रश्न विचारतो. खड्डा कोणी खणला? त्याभोवती कुंपण का नव्हते? तेथे दिवा लावण्याचे काम कोणाचे होते?

इंदूर महानगरपालिकेचा कारभार मध्य प्रदेशाच्या १९५६ च्या अधिनियमानुसार चालतो. त्याच्या ६६ व्या कलमात पालिकेची आवश्यक कर्तव्ये सांगितली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत राखणे, त्यांवर दिवाबत्ती करणे, अडथळे दूर करणे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त करणे ही त्यांतीलच होत. ऐच्छिक कामांचे कलम वेगळे आहे. म्हणजे रस्ता निर्धोक ठेवणे हा पालिकेने नागरिकांवर केलेला उपकार नव्हे. ते तिचे बंधनकारक कर्तव्य आहे.

पण तिजोरीत पैसाच नसेल तर? या प्रश्नाचे उत्तर माळव्यातच मिळाले. रतलामच्या न्यू रोडवरील रहिवासी उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे रस्त्यावर वाहणारे सांडपाणी यांनी त्रस्त झाले होते. त्यांनी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागितली. नगरपालिकेने द्रव्याभावाची सबब पुढे केली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाचा आशय असा की, कायद्याने लादलेले कर्तव्य दारिद्र्याच्या सबबीवर टाळता येत नाही.

दुसरा निकाल दिल्लीचा. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा १९५१ साली कोसळला व माणसे दगावली. बांधकामातील दोष वरून दिसत नव्हता, हा पालिकेचा बचाव १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केला. रस्त्यालगतची इमारत ज्याच्या मालकीची, त्याने तिची वेळोवेळी तपासणी केलीच पाहिजे, असे ठरले.

इंग्लंडात पूर्वी रस्ता दुरुस्त न केल्याबद्दल रस्ते-अधिकाऱ्यांवर नुकसानीचा दावा चालत नसे. हे संरक्षण तेथील संसदेने १९६१ च्या कायद्याने काढून घेतले. इकडे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये, खड्ड्यामुळे वा उघड्या गटारामुळे मृत्यू ओढवल्यास वारसांना ६ लाख रुपये, आणि दुखापतीच्या मानाने ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो आदेश महाराष्ट्रापुरता असला, तरी वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत हे त्यावरून उमगते.

अपघात होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. रतलामकरांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या १३३ व्या कलमाचा आधार घेतला, तेच आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ वे कलम म्हणून नांदत आहे. रस्त्यातील अडथळा हटविणे, रस्त्यालगतची विहीर वा खड्डा यांस कुंपण घालणे, पडू घातलेले झाड वा भिंत काढणे यांसाठी कार्यकारी दंडाधिकारी त्यान्वये आदेश देऊ शकतो. त्यासाठी प्रथम कोणी जखमी झालेले असावे लागत नाही.

नागरिकाने एवढे करावे: धोक्याची जागा नेमकी नमूद करून लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. पालिकेला धोका ठाऊक होता, हे सिद्ध करण्यास तो कागद उपयोगी पडतो. भरपाईची रक्कम अखेर करदात्यांच्याच तिजोरीतून जाण्याचा संभव असतो; आणि मोडलेला पाय किंवा गेलेला जीव तिने परत येत नाही. खड्ड्याभोवतीचे कुंपण त्याहून कितीतरी स्वस्त पडते.