दर्शनी भिंत कोणाची?

बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स. तिच्या मध्यभागी ‘ग्राँ प्लास’ नावाचा एक चौक आहे. चहूबाजूंनी एकमेकांस खेटून उभी असलेली उंच, अरुंद घरे, आणि त्यांच्या दर्शनी भिंतींवर दगडात कोरलेले स्तंभ, मूर्ती व पुष्पमाला. त्यांवर ठिकठिकाणी सोन्याचा मुलामा. या घरांना नावे आहेत: कोल्हा, राजहंस, लांडगीण, पोते, हातगाडी. पूर्वी यांतील बहुतेक घरे श्रेणींची, म्हणजे एकेका धंद्यातील लोकांच्या संघांची होती. नावाड्यांच्या घराचे शिखर तर गलबताच्या पिछाडीसारखे घडविलेले आहे.

हा थाट पाहून चौक अनादि काळापासून असाच असावा असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १६९५ च्या ऑगस्टमध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याने शहरावर तोफांचा भडिमार केला, तेव्हा चौकात नगरभवनाचा मनोरा आणि काही भिंती यांखेरीज फारसे काही उरले नाही. पुढील चार-पाच वर्षांत श्रेणींनी आपली घरे पुन्हा उभारली. मात्र १६९७ मध्ये नगराधिकाऱ्यांनी हुकूम काढला की, दर्शनी भिंतीचा आराखडा मंजूर करून घेतल्यावाचून कोणीही बांधकाम करू नये. घर मालकाचे खरे, परंतु त्याचे तोंड चौकाकडे आहे आणि चौक साऱ्या गावाचा आहे, हा विचार त्या हुकुमामागे होता.

पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत मूर्ती फोडल्या गेल्या, श्रेणीही मोडल्या, आणि घरे खासगी मालकांच्या हाती गेली. एखाद्या दुकानदारास तुटलेला दगडी देवदूत दुरुस्त करण्याचे काय अगत्य? कोठे नक्षीवर गिलावा चढला, कोठे रंग फासला गेला. ‘तारा’ नावाचे घर तर रस्ता रुंद करण्यासाठी १८५२ मध्ये पाडूनच टाकले.

१८८१ ते १८९९ या काळात शार्ल ब्यूल्स हे ब्रुसेल्सचे नगराध्यक्ष होते. त्यांनी १८८३ पासून घरमालकांशी करार करण्याचा मार्ग अवलंबिला. दर्शनी भिंतीचा जीर्णोद्धार व निगा नगरपालिकेने करावी, आणि मालकाने त्याबद्दल दरवर्षी ठराविक रक्कम द्यावी. मला या व्यवस्थेतील व्यवहारज्ञान फार मोलाचे वाटते. नुसत्या मनाईने भिंत पडायची थांबत नाही. पाथरवटाची मजुरी कोणीतरी द्यावीच लागते. ब्यूल्स यांनी पाडलेला ‘तारा’ही १८९७ मध्ये पुन्हा बांधविला, मात्र रस्ता मोकळा राहावा म्हणून त्याच्या तळमजल्याच्या जागी केवळ कमानी ठेविल्या!

करार झाला तरी दगडाचा शत्रू कायमच असतो. त्या भागातील फिकट दगड बराचसा वालुमिश्रित चुनखडीचा आहे. दगडी कोळशाच्या धुरातील गंधकाचा वायू दमट हवेत आम्ल बनतो, आणि चुनखडीशी त्याचा संयोग होऊन जिप्सम, म्हणजे शिरगोळा, तयार होतो. पावसाचा मारा जेथे होतो तेथून तो धुऊन जातो. त्याबरोबर नक्षीही थोडीथोडी झिजते. परंतु कमानीखाली, मूर्तीच्या हनुवटीखाली, पागोळ्यांच्या आडोशाला तो साचतो, काजळी धरतो आणि त्याची काळी खपली होते. कालांतराने ती खपली फुगून सुटते, तेव्हा तिच्या पाठीला चिकटून मूर्तीचे नाक किंवा बोटही निघून येते.

मग खपली घासून काढावी, असे सहज मनात येते. पण वाळूचा जोरदार मारा केला की मळाबरोबर छिन्नीची मूळ खूणही जाते. म्हणून सावकाशीचे उपाय योजितात: तासन्‌तास पाण्याचा बारीक तुषार, किंवा कागदाच्या लगद्याचा अथवा चिकणमातीचा लेप. आपल्याकडे गळवावर पोटीस बांधतात, तसाच हा प्रकार; लेप वाळताना दगडातील क्षार ओढून घेतो. सांधे भरावयाचे ते सिमेंटने नव्हे, चुन्याने. सिमेंट दगडापेक्षा कठीण व घट्ट. आतील ओलावा त्यातून बाहेर पडू शकत नाही, तो दगडाच्या तोंडाशी येतो आणि क्षार तेथेच फुलून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा सांधा मऊ असतो. झिजावयाचे तर तो स्वतः झिजतो. तो पुन्हा भरता येतो, मूर्ती पुन्हा कोरता येत नाही.

किंवा कोरता येते? नगरभवनाच्या दारावरील प्रेषितांच्या जुन्या मूर्ती आता समोरच्या ‘राजगृहा’तील संग्रहालयात ठेविल्या आहेत, आणि बाहेर त्यांच्या जागी नव्या आहेत. यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मते अस्सल मूर्ती पावसात विरघळू देण्यापेक्षा हे बरे. अट एवढीच की प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणावे.

१९९८ मध्ये युनेस्कोने या चौकाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तथापि एक अडचण भिंतीच्या मागे आहे. तळमजल्यावर दुकान व उपाहारगृह चालते. वरचे मजले मात्र वस्तीवाचून ओस पडतात. राहते घर असले की छपराचे पन्हळ तुंबल्याचे त्याच रात्री कळते. रिकाम्या घरात ते पाणी महिनोन्‌महिने आत मुरत राहते, आणि रस्त्यावरून चकचकीत दिसणारी कोरीव भिंत मागील बाजूने भिजत असते.