गाडी जुनी झाली, म्हणून ऑइल जाड?

‘‘गाडी जुनी झाली साहेब, आता जाड ऑइल टाकू.’’ पंधरा-वीस वर्षांची गाडी घेऊन गॅरेजात गेलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. वडिलांच्या १९९९ च्या मारुती ८०० साठी मीही ते ऐकलं आणि २०डब्ल्यू-५० भरून घेतलं. खरं तर गाडीची काही तक्रार नव्हती. ऑइल खात नव्हती, धूर सोडत नव्हती. जानेवारीत पुण्याच्या थंडीत सकाळी किल्ली फिरवली, तर बॉनेटखालून कोरडी टकटक सुरू झाली. सात-आठ सेकंदांनी ती विरली. आधीच्या १५डब्ल्यू-४० वर ती दोन सेकंदांत थांबायची. त्या आवाजानंतर मी डब्यावरचे आकडे पहिल्यांदा नीट समजून घेतले.

‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. हा आकडा जितका लहान, तितकं वाहणं सोपं. नंतरचा आकडा शंभर अंश तापमानाला त्याचा दाटपणा किती उरतो त्याचा. हे आकडे म्हणजे तापमानाचे अंश नव्हेत, ठरवून दिलेल्या श्रेणी आहेत. शंभर अंशांना ३० च्या श्रेणीतल्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक असतो, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, पहिल्या आकड्याशी आपल्याला काय करायचंय?’ हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो, पण चूक इथेच होते. साधं १५डब्ल्यू-४० घ्या. शंभर अंशांना त्याचा दाटपणा साधारण चौदा-पंधरा सेंटीस्टोक, तर चाळीस अंशांना शंभराच्या वर. म्हणजे चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली, तरी त्या क्षणी ऑइल हवं त्यापेक्षा कितीतरी पट दाट असतं. इंजिनाच्या लेखी तीसुद्धा थंडीच! झीज सर्वांत जास्त होते ती अशा सुरुवातीच्या वेळी, कॅमशाफ्टपर्यंत ऑइल चढायच्या आत.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लगेच विझला, म्हणजे ऑइल सगळीकडे पोचलं, असं धरून चालू नका. तो दिवा प्रेशर बघतो, आणि दाट ऑइलला वाहायला अडचण होते म्हणूनच प्रेशर पटकन चढतं. ते फार वाढलं की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल वर जायचं सोडून खालच्या खालीच परत फिरतं.

मग जाड ऑइल कधीच घालू नये का? घालावं, पण कारण असेल तर. घाट चढून आल्यावर गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑइलचा दिवा मिणमिणू लागला, तर आधी पातळी बघा, मग गेज लावून प्रेशर मोजून घ्या. प्रेशर खरोखरच कमी भरलं आणि बेअरिंग झिजल्याचं मेस्त्रीने सांगितलं, तर ४० वरून ५० वर जायला हरकत नाही. अर्थात त्याने इंजिनाचं काम पुढे ढकललं जाईल, टळणार नाही.

ऑइल कमी होत असेल, तर धुराकडे लक्ष द्या. रात्रभर उभी गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एकच झोत आला, किंवा गिअरमध्ये खंबाटकी घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल, तर पिस्टन रिंगवर. सीलचं काम तुलनेने स्वस्तात होतं. ते न करता जाड ऑइल भरत राहणं मला अजिबात पटत नाही.

प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. १०८९ सीसीचं ते पुशरॉड इंजिन. त्यात कॅम थेट टॅपेटवर घासतो आणि ही घासण सोसायला ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं संयुग भरपूर लागतं. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या ऑइलच्या ‘एपीआय एसएम’ आणि पुढच्या दर्जांत त्याच्यावर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. पण ती १०डब्ल्यू-३० आणि त्याहून पातळ ग्रेडपुरती. २०डब्ल्यू-५० तिच्यात येत नाही. म्हणजे पद्मिनीला जाड ऑइल शोभतं, त्यामागे जस्ताचंही कारण आहे. सर्वांत नवं आणि महाग म्हणून कुणी तिच्यात ०डब्ल्यू-२० ओतत असेल, तर त्याचा हात धरा.

बाकी गाड्यांसाठी मॅन्युअलमधला तापमानाचा तक्ता उघडायचा, आपल्या गावचं हवामान त्यात कुठे बसतं ते पाहायचं आणि चालणाऱ्या ग्रेडपैकी पहिला आकडा लहान असलेली निवडायची. जुनी गाडी फिरते कमी. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मिसळत राहतं. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलाच.

आमच्या ८०० मध्ये आता पुन्हा १५डब्ल्यू-४० आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहून ठेवतो, म्हणजे मी सोबत नसलो तरी मेस्त्रीला विचारावं लागत नाही.