सजद्यातून उठताना

गेल्या हिवाळ्यात फजरच्या नमाजमध्ये सजद्यातून उठताना आमच्या अम्मींचा तोल गेला आणि त्या भिंतीवर आदळल्या. वय ७४. रक्तदाबाची गोळी, साखरेची गोळी, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली तिसरी, सर्दीची चौथी. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना बसवून रक्तदाब मोजला. ठीक आहे म्हणाले, ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

नर्स असलेल्या आमच्या भाचीने फोनवर विचारले, "उभं करून मोजला का?" पुढच्या खेपेला आम्ही हट्ट धरला. बसलेल्या असताना वरचा आकडा १४०, उभ्या राहिल्यावर ११०! वयस्कर माणसात हा फरक २० च्या वर गेला की पडण्याचा धोका वाढतो.

डॉक्टर तरुण, स्वभावाने चांगले. बाहेर रांग होती. एकट्या त्यांना दोष कसा द्यावा? एमबीबीएसला बालरोग हा स्वतंत्र विषय असतो, वृद्धांचे आजार मात्र मेडिसिनमधले एक प्रकरण. एका आजाराला एक औषध, असे शिकलेल्या डॉक्टरसमोर आपले बुजुर्ग चार आजार घेऊन बसतात. शहरात विशेषज्ञ गाठता येतो. टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या म्हाताऱ्या माणसाला मात्र पहिला भेटेल तोच डॉक्टर बहुधा शेवटचा. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. कमरेने वाकलेल्या माणसाला एसटीने कल्याण गाठायचे म्हणजे दिवस जातो.

केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची तपासणी, तीही प्रशिक्षित वैद्यकीय अधिकाऱ्याकडून, असे त्यात लिहिले आहे. आपल्या केंद्रात तो वार कोणता, हे आपण कधी विचारले आहे का? आम्हीही, खरे सांगायचे तर, अम्मी पडल्यावरच विचारले.

रमजानचेही तेच. सहेरी-इफ्तारला साखरेची गोळी कशी घ्यायची, हे डॉक्टर आपणहून क्वचितच विचारतात. महिनाभर आधी आपणच विचारावे. रोजा झेपत नसेल तर फिदयाची सवलत दीनने दिलेलीच आहे, पण आमच्या अम्मींना हे पटवणे डॉक्टरांनाही जमलेले नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून नेल्या. डॉक्टरांनी पिशवी टेबलावर उपडी केली, एकेक पाकीट वाचले. गुडघ्यांची गोळी मूत्रपिंडाला घातक आणि रक्तदाब वाढवणारी, सर्दीची गुंगी आणणारी. दोन्ही बाजूला काढल्या, रक्तदाबाची गोळी अर्धी केली. मग म्हणाले, "पुढच्या वेळीही पिशवी आणा."