चित्रपटांच्या पुनरावृत्ति व मूळ प्रतीचा प्रश्न

चित्रपटांच्या धंद्यांत नव्या कल्पनांचा दुष्काळ पडला असून गाजलेल्या चित्रांच्या पुनर्निर्मिति व त्यांचे दुसरे-तिसरे भाग यांवरच निर्माते गुजराण करीत आहेत, अशी तक्रार हल्लीं वारंवार ऐकूं येते. तक्रार खरी आहे. पण ती नवी नाहीं. ज्या चित्रानें हा धंदा आपल्याकडे उभा केला, तेंच चित्र अवघ्या चार वर्षांत पुनः काढलें गेलें होतें. पुनरावृत्तीचें मोल रसिकांच्या दृष्टीनें काय, हें ठरविणें समीक्षकांकडे सोंपवून आम्ही येथें निराळा प्रश्न विचारतों: नवी आवृत्ति निघाली म्हणजे जुन्या प्रतीचें काय होतें? साधनें जमविणाऱ्यांस व त्यांच्या याद्या करणाऱ्यांस याच प्रश्नाशीं कर्तव्य आहे.

पोथ्यांचा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. लेखक नक्कल करतो तेव्हां चुका करतो, पदरचें घालतो, कोठें ओळ गाळतो. तरीहि नक्कल झाल्यामुळेंच ग्रंथ जगतो. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तथापि त्यापूर्वीच्या पाठाकडे जाण्याची वाट बुजली नाहीं. म्हणूनच राजवाडे यांना १९०९ मध्यें एक प्रत एकनाथपूर्व म्हणून छापतां आली. पोथीची पुनरावृत्ति मूळाला धरून चालते. चित्रपटाची पुनर्निर्मिति मूळाला धरून चालत नाहीं. ती मूळाच्या जागीं येऊन बसते. नवें चित्र पूर्णपणें नवीन नटांकडून, नवीन फितीवर घेतलेलें असतें. जुन्या चित्राचा एकहि तुकडा त्यांत नसतो. असतें तें केवळ कथानक आणि पुष्कळदां नांव. नेमकें हें नांवच संशोधकाला फसवितें.

याचें पहिलें उदाहरण ‘राजा हरिश्चंद्र’ हेंच होय. धुंडिराज गोविंद फाळके यांचें हें चित्र ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांपुढें आलें. त्याचीं चार रिळें होतीं व लांबी सुमारें ३७०० फूट होती. हरिश्चंद्राचें काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनीं व तारामतीचें काम अण्णा साळुंके यांनीं केलें. पुढें या चित्राची उरलेली प्रत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं बैलगाडींतून नेत असतां वाटेंत जळाली अशी हकीकत सांगतात. तें कसेंहि असो, १९१७ मध्यें फाळके यांनीं हीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नांवानें पुनः चित्रित केली. त्याच वर्षीं कलकत्त्यास जमशेटजी मादन यांच्या एल्फिन्स्टन बायोस्कोप कंपनीनेंहि याच कथेवर, याच नांवाचा मूकपट काढला; त्याचे दिग्दर्शक रुस्तमजी धोतीवाला होते. म्हणजे चार वर्षांत एका कथेचीं तीन चित्रें झालीं व त्यांपैकीं दोहोंचें नांवहि एकच.

आतां याचा परिणाम पाहावा. पुणें येथें १९६४ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून जें जतन केलें, तें पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें आहेत. त्यांची एकूण लांबी सुमारें १४७५ फूट भरते. हीं रिळें १९१३ च्या चित्राचीं, असें पुष्कळ काळ धरून चालले होते. परंतु तीं १९१७ च्या पुनर्निर्मितीचीं असावींत, असें मत कांहीं चित्रपट-इतिहासकारांनीं मांडलें आहे. कर्ता एक, कथा एक, नांव जवळजवळ एक. मग केवळ शीर्षकावरून निर्णय होणार कसा? ज्या चित्राला आपण भारतीय चित्रपटाचा आरंभ मानतों, त्याचा एक तरी फूट आज शिल्लक आहे कीं नाहीं, हा वाद पुनरावृत्तीनें उत्पन्न केलेला आहे. एखाद्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रतीविषयीं असा संशय उत्पन्न झाला असता, तर आपण स्वस्थ बसलों नसतों.

येथें परिभाषा नक्की करणें अवश्य आहे, कारण ‘तेंच चित्र पुनः निघालें’ या एका वाक्यांत निरनिराळे पांच प्रकार दडलेले असतात. एकाच निगेटिव्हवरून छापलेली फीत ती ‘प्रत’ होय. एकाच वेळीं दोन भाषांत निराळें चित्रण केलें तर ती ‘द्विभाषिक आवृत्ति’. पूर्वींचें चित्र समोर ठेवून तेंच कथानक नव्यानें चित्रित केलें तर ‘पुनर्निर्मिति’. पूर्वींच्या कथेचा धागा पुढें चालविला तर ‘उत्तरभाग’. आणि दोघांनीं एकाच पुराणकथेला किंवा ऐतिहासिक प्रसंगाला स्वतंत्रपणें हात घातला, तर तीं केवळ ‘समानविषयक’ चित्रें होत.

कोल्हापूरच्या परंपरेंत या प्रकारांचे नमुने मिळतात. बाबूराव पेंटर यांनीं ‘सावकारी पाश’ १९२५ मध्यें मूकपट म्हणून काढला व १९३६ मध्यें स्वतःच बोलपट म्हणून पुनः काढला. ही खरी पुनर्निर्मिति. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० चा व ‘सिंहगड’ १९२३ चा. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींतून बाहेर पडलेल्या मंडळींनीं १९२९ मध्यें प्रभात कंपनी स्थापिली, व १९३३ मध्यें याच दोन नांवांचे बोलपट प्रभातनें काढले. त्यांपैकीं ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न झाला. १९३२ चा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हाहि हरिश्चंद्राच्याच कथेवरील असून मराठी व हिंदी अशा दोन आवृत्तींत निघाला. १९४१ च्या ‘शेजारी’ या चित्रांत केशवराव दाते व गजानन जागीरदार होते. त्याच्या हिंदी आवृत्तींत, म्हणजे ‘पडोसी’ मध्यें, जागीरदार तेच राहिले, पण दाते यांच्या जागीं मझहर खान आले. यावरून एका आवृत्तीचा पुरावा दुसरीस लावणें किती धोक्याचें आहे, हें ध्यानांत येईल.

या पुनरावृत्तींचीं कारणें तेव्हांहि धंद्याचींच होतीं. मूकपटास वाणी मिळतांच जुना माल एकदम कालबाह्य ठरला व परीक्षेस उतरलेली कथा नव्या यंत्रावर पुनः घेणें सोयीचें झालें. प्रेक्षकांस ठाऊक असलेल्या कथेवर भांडवल लावण्यांत जोखीम कमी वाटते, हें सूत्र आजहि कायम आहे. २०१६ चा ‘सैराट’ गाजला, तेव्हां सव्वादोन वर्षांच्या आंत कानडी, पंजाबी व हिंदी भाषांत त्याच्या पुनर्निर्मिति झाल्या. पुनर्निर्मिति सर्वथा निकृष्टच असते, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. मेहबूब खान यांनीं १९४० च्या आपल्याच ‘औरत’ वरून १९५७ मध्यें ‘मदर इंडिया’ काढला, व लोकांनीं दुसऱ्यासच अधिक मान दिला.

दोष पुनरावृत्तीचा नसून तिच्या पाठीमागून येणाऱ्या उपेक्षेचा आहे. नवें चित्र चालूं लागलें कीं जुन्याची बाजारांतील किंमत संपते, आणि ज्याला किंमत नाहीं, त्याच्या कोठाराचें भाडें कोणी भरीत नाहीं. त्यांतच १९५० च्या सुमारापर्यंत वापरांत असलेली नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही. ती उष्ण व दमट हवेंत चिकट होते व अखेर तिची भुकटी होते. तिच्या लेपांत चांदी असल्यामुळें ती काढून घेण्यासाठींहि जुन्या फिती नष्ट केल्या गेल्या. पुण्यांत ता. ८ जानेवारी २००३ रोजीं लागलेल्या आगींत नायट्रेटच्या फितींचा मोठा सांठा भस्मसात् झाला. ता. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज उपलब्ध नाहीं. त्याच नांवाचीं चित्रें मात्र १९५६ व १९७३ मध्यें निघालीं. नांव जगलें, वस्तु गेली.

अशा स्थितींत संग्राहकानें काय करावें? प्रथम, शीर्षकावरून कालनिर्णय करूं नये. फितीच्या कांठाकडे पाहावें. कागदावरील जलचिन्हाचा आपण जसा उपयोग करतों, तसाच कांठावरील खुणांचा होतो. ईस्टमन कोडॅक कंपनी १९१६ पासून आपल्या फितींच्या कांठावर वर्षदर्शक चिन्हें छापूं लागली. असें चिन्ह आढळल्यास ती फीत त्या वर्षापूर्वींची नव्हे, हें निश्चित होतें. परंतु नवी प्रत छापतांना जुन्या फितीच्या कांठावरील खूणहि तींत उमटूं शकते, म्हणून दोन निरनिराळ्या खुणा आढळल्यास दोन्ही नोंदवाव्या. दुसरें, मुंबईंत चित्रांची सरकारी तपासणी १९२० पासून सुरू झाली. प्रमाणपत्राचा तुकडा रिळाच्या आरंभीं असल्यास तो कापून टाकूं नये. तिसरें, चित्रगृहांत विकल्या जाणाऱ्या कथासार व पदांच्या पुस्तिका, हस्तपत्रकें व वृत्तपत्रांतील जाहिराती हीं रिळाइतकींच जपावीं. नटांचीं नांवें, रिळांची संख्या, लांबी व चित्रगृह यांचा उलगडा बहुधा त्यांतूनच होतो. चौथें, यादींत वर सांगितलेल्या पांच प्रकारांपैकीं वस्तु कोणत्या प्रकारची, हें स्वतंत्र रकान्यांत लिहावें. जुनी फीत मात्र घरीं ठेवूं नये व दिव्याजवळ उलगडूं नये; ती जाणत्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावी व मिळाल्याची हकीकत लिहून सोबत द्यावी.

तेराशेंच्या आसपास मूकपट या देशांत निघाले. त्यांपैकीं अंशतः वा पूर्णतः उरलेले तिसांच्या आगेमागे आहेत. धंदा जुन्याच कथा पुनः पुनः सांगत राहणार, व त्याला अडविण्याचें सामर्थ्य आपल्या हातीं नाहीं. तथापि हरिश्चंद्राचें कोणतें रीळ कोणत्या सालाचें, हा वाद मिटविणारें एखादें पिवळें पडलेलें हस्तपत्रक कोणाच्या तरी दफ्तरांत अद्याप पडून असणें असंभाव्य नाहीं. तें रद्दींत जाण्यापूर्वीं ओळखलें जावें, एवढ्याकरितांच हा लेखनप्रपंच.