घाटात कोण उजवी : जुनी सिटी की जुनी आयकॉन?

ताम्हिणीचा चढ लागला की पुढे एखादा भरलेला ट्रक असतोच. वळण संपतं, समोर रस्ता मोकळा दिसतो आणि ट्रकला मागे टाकायला मोजके क्षण हातात असतात. जुन्या गाडीचा कस लागतो तो तिथे.

अशा कसाला उतरणाऱ्या दोन सेदान गाड्या आजही जपून ठेवलेल्या दिसतात. एक १९९८ साली भारतात आलेली पहिली होंडा सिटी, त्यातही १.५ व्हीटेक. दुसरी १९९९ ची फोर्ड आयकॉन, १.६ रोकॅम इंजिनाची. फोर्डची त्याआधीची एस्कॉर्ट नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात जोडली जायची. आयकॉन मात्र चेन्नईजवळच्या मरैमलै नगरची, फिएस्टाच्या सांगाड्यावर खास भारतासाठी बेतलेली.

कागदावर सिटी सरस आहे. तिची १०६ अश्वशक्ती, आयकॉनची ९२ च्या आसपास. पण ही ताकद मिळते कधी, ते पाहायला हवं. व्हीटेकमध्ये इंजिनाचे फेरे वाढले की कॅमचा उंच भाग कामाला लागतो, झडपा जास्त आणि जास्त वेळ उघडतात, आणि गाडी नव्याने दम आल्यासारखी उसळते. पूर्ण ताकद ६,८०० फेऱ्यांना येते. मोकळ्या द्रुतगती मार्गावर हे सुख अवर्णनीय आहे. घाटात मात्र त्यासाठी सारखा गिअर खाली घ्यावा लागतो. आयकॉनच्या इंजिनाला सिलिंडरमागे दोनच झडपा. तिचा १३० न्यूटन-मीटरचा जोर अवघ्या २,५०० फेऱ्यांना हजर होतो. तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन पाय दाबला की गाडी निघाली!

वळणावर तर मला आयकॉनच उजवी वाटते. तिचं स्टिअरिंग जड आहे, पण रस्त्यावर काय चाललंय ते तळहाताला कळतं. सस्पेंशन घट्ट असल्याने वेगात गाडी डोलत नाही. सिटी हलकी, चपळ. शहरात तिच्यासारखी वळणारी गाडी विरळा. पण ती जमिनीलगत बसते, आणि पाच माणसं व सामान घेऊन गतिरोधक ओलांडताना पोट घासतं. पेट्रोलच्या बाबतीत मात्र सिटी काटकसरी.

आता सर्वांत महत्त्वाचं. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत कंपनीच्या नावापेक्षा रबराचे बुश, शॉकअब्जॉर्बर आणि टायर यांची अवस्था गाडीची चाल ठरवते. बुश गेलेली आयकॉन चांगल्या सिटीपुढे काहीच नाही. खड्ड्यात खालून ‘टक’ आवाज येतो का, ऐका. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा. ‘कटकट’ झाली तर एक्सलचा खर्च धरा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर ओल्या घाटात दगा देतं. सिटीचा टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. आयकॉनला बेल्टऐवजी चेन आहे. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालंय का आणि पर्यावरण कर भरलाय का, तेही आरसी पुस्तकावर आणि पावत्यांवर पाहून घ्या.

मला स्वतःला निवडायची झाली, तर घाटासाठी मी १.६ आयकॉनच घेईन. तुम्ही कोणतीही घ्या, पण इसार देण्याआधी ओळखीचा मेकॅनिक शेजारी बसवून ती एकदा चढावर चालवा. मालक त्याला नाही म्हणाला, तर ती गाडी घेऊ नका.