लाईट गेली तरी लँडलाइन कसा वाजायचा? समजून घ्या घंटीमागची वीज

कोल्हापूर : २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या सखल भागांत वीज बंद होती. मोबाइल चार्ज कुठे करायचा, हा मोठा प्रश्न होता. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला मात्र घरची वीज लागतच नाही. मग घंटी वाजते कशावर?

वीज येते कुठून?
एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांमधून. फोनच्या दोन तारांवर कायम उणे ४८ व्होल्ट डीसी दाब असतो. उणे अशासाठी, की बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. त्यामुळे ओलाव्यात तांबे कमी झिजते.

घंटी कशी वाजते?
कॉल आला की एक्स्चेंज त्याच तारांवर साधारण ७५ व्होल्ट एसी सोडते. तिची वारंवारता २५ हर्ट्झ, म्हणजे घरच्या विजेच्या निम्मी. फोनमधला कपॅसिटर डीसी अडवतो आणि एसी पुढे जाऊ देतो. म्हणून एरवी घंटी गप्प असते. आपल्याकडच्या ‘ट्रिंग-ट्रिंग’ची लयही ठरलेली आहे : ०.४ सेकंद आवाज, ०.२ सेकंद विराम, पुन्हा ०.४ सेकंद आवाज, मग २ सेकंद शांतता.

रिसीव्हर उचलल्यावर काय होते?
सर्किट पूर्ण होऊन डीसी प्रवाह वाहू लागतो. तो ओळखून एक्स्चेंज घंटी लगेच थांबवते. फोनवरचा दाब ४८ वरून साधारण १० व्होल्टच्या आसपास येतो.

शॉक बसतो का?
कोरड्या हाताला ४८ व्होल्ट सहसा जाणवत नाहीत. घंटी वाजत असताना उघड्या तारेला हात लागला, तर चांगलाच झटका बसतो. हात ओले असतील तर धोका अधिक.

फायबरवर काय बदलले?
फायबरमधून फक्त प्रकाश येतो, वीज नाही. घंटीचा दाब घरातला मोडेमच तयार करतो आणि तो घरच्या विजेवर चालतो. लाईट गेली की फोनही बंद.

पावसाळ्यापूर्वी काय कराल?
मेन स्विच बंद करून लँडलाइनवरून एक कॉल लावून पाहा. लागला नाही, तर मोडेमसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. घेताना मोडेमच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्या. एक्स्चेंजमध्ये पाणी शिरले, तर मात्र जुना असो की नवा, कोणताच लँडलाइन वाजणार नाही. त्यामुळे चार्ज केलेली पॉवर बँकही हाताशी असू द्या.