कुंपणापलीकडे वसवलेलं शहर

पॅरिसच्या शांतता करारानुसार सप्टेंबर १९४७ मध्ये इटली आणि युगोस्लाव्हियामधली नवी हद्द अमलात आली. गोरित्सिया हे जुनं शहर इटलीकडे राहिलं. त्याच्या जिवावर जगणारी आसपासची बरीच गावं मात्र युगोस्लाव्हियात गेली. बाजारहाट, दवाखाना, कचेऱ्या, सगळं पलीकडे. मिरेन गावात तर ही रेषा कबरस्तानातूनच काढली गेली.

उघड्यावर पडलेल्या या गावांसाठी १९४८ मध्ये नोवा गोरित्सा वसवायला सुरुवात झाली. आराखडा एद्वार्द राव्निकार यांचा. ते वास्तुविशारद प्लेचनिक यांचे शिष्य, आणि १९३९ मध्ये पॅरिसला ल कार्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केलेले. लाहोर गेल्यावर पंजाबला नवी राजधानी हवी झाली आणि ल कार्ब्युझिए चंदीगडच्या कामाला लागले, त्याच्या दोनएक वर्षं आधीच त्यांचा हा शिष्य हद्दीमुळे अडलेल्या मुलखासाठी रुंद हमरस्ता, झाडांच्या रांगा आणि हिरवळीत सुटी सुटी घरं कागदावर मांडत होता. तरुणांच्या श्रमपथकांनी जमीन सपाट केली, रस्ता काढला. पण १९४८ मध्येच युगोस्लाव्हियाचे टिटो आणि स्टालिन यांचं बिनसलं, पैशाची ओढाताण झाली आणि आराखड्यातलं बरंच कागदावरच राहिलं.

हे शहर पलीकडच्यांच्या डोळ्यांत भरावं, अशी राज्यकर्त्यांची इच्छा होती. १९०६ चं रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियाच्या वाट्याला आलं होतं. त्याच्या छपरावर लाल तारा बसवला आणि आपण समाजवाद उभारत असल्याची घोषणा इटलीकडून वाचता येईल अशी लावली. समोरच्या चौकातून कुंपण गेलं होतं.

लोकांची गरज काय होती, ते १३ ऑगस्ट १९५० च्या रविवारी दिसलं. नातेवाइकांना भेटायला जमलेली हजारोंची गर्दी पहारेकऱ्यांना आवरली नाही. ती थेट गोरित्सियात शिरली. दुकानं उघडली. इकडे साध्या केरसुणीचाही तुटवडा, म्हणून कितीतरी जण केरसुण्या घेऊन परतले. तो दिवस आजही 'केरसुण्यांचा रविवार' म्हणून ओळखला जातो. घराघरातली ती टंचाई मला छपरावरच्या घोषणेपेक्षा खरी वाटते.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर नोवा गोरित्सा स्लोव्हेनियात राहिलं. स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला त्या वर्षी, २००४ मध्ये, चौकातलं कुंपण निघालं. २००७ च्या डिसेंबरात हद्दीवरची तपासणीही संपली. २०२० मध्ये करोनामुळे चौकात काही महिने पुन्हा जाळी उभी राहिली, तेव्हा दोन्हीकडची माणसं तिच्यापाशी येऊन बोलत उभी राहायची. २०२५ मध्ये या दोन शहरांनी मिळून युरोपच्या सांस्कृतिक राजधानीचा मान भूषवला.